जादूटोण्याचा अभ्यास कुणी करायचा?

जूनमध्ये माझ्या जुन्या विभागातून निरोप आला. जादू, करणी आणि डाकीण प्रथेवरचा ऐच्छिक पेपर यंदापासून बंद. कारणं दोन: विद्यार्थी कमी, आणि या विषयाने अंधश्रद्धेला प्रतिष्ठा मिळते. पहिलं समजू शकते. दुसरं मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे, आणि ते दर वेळी आपल्याच, पुरोगामी म्हणवणाऱ्या माणसांकडून येतं. म्हणून हा मागोवा.

नव्वदच्या दशकाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. एन्थोवेनचं 1924 चं लोकसमजुतींवरचं पुस्तक ग्रंथालयात धूळ खात होतं. लोकसाहित्याच्या वर्गात ओव्या, उखाणे, विधी यांवर तासन्‌तास बोलणं होई. डाकीण मात्र तळटीपेतच राहायची.

खरी उलथापालथ झाली 2001 पासून. त्या फेब्रुवारीत विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करायचं परिपत्रक काढलं. शास्त्रज्ञ संतापले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे 2004 मध्ये याचिका फेटाळली गेली. मी विरोधाच्या बाजूने सह्या गोळा करत होते, आजही करेन. पण त्या गदारोळात एक साधा फरक वाहून गेला. ज्योतिष शिकवणं वेगळं आणि लोक ज्योतिषावर विश्वास का ठेवतात हे तपासणं वेगळं. स्टाफरूममध्ये दोनच तट उरले. एका तटाला मंत्रतंत्राची पदवी हवी होती, दुसऱ्याला त्या विषयाचा उच्चारही नको होता. आमचा पेपर दोघांनाही खुपायचा. अभ्यास मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तर विचारलं, ‘बाई, आता भगतांनाही पीएच.डी. देणार का?’ सगळे हसले. मला ते हसू अजून बोचतं.

कारण त्याच सुमारास मी विद्यार्थ्यांना घेऊन सातपुड्यात, अक्राणीच्या पाड्यांवर जात होते. एका पाड्यावरच्या विधवा बाईला डाकीण ठरवलं होतं. दिराचं मूल तापाने गेलं, बडव्याने, म्हणजे तिथल्या भगताने, दाणे पाहिले आणि बोट तिच्याकडे गेलं. आम्ही पोहोचलो तेव्हा ती बहिणीच्या पडवीत राहत होती. डाव्या हाताची दोन बोटं वाकडीच सांधली होती. पोलिसांच्या वहीत अदखलपात्र नोंद होती, शेजाऱ्यांचं भांडण म्हणून. नवऱ्यामागे तिच्याकडे आलेली जमीन मात्र तोवर दिरानेच पेरली होती. माझ्या एका विद्यार्थिनीने चावडीवर जाऊन सातबारा पाहिला, म्हणून हे कळलं. नुसतं ‘अडाणी लोक’ म्हणून निघून आलो असतो, तर जमिनीचा प्रश्न कुणाच्या ध्यानात आला नसता.

आणि सगळंच जमिनीपाशी संपत नाही, हेही तिथेच समजलं. मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्डने तेव्हाच्या सुदानच्या दक्षिण भागातल्या अझांदे लोकांवर 1937 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात धान्याचं कोठार कोसळून खाली बसलेली माणसं जखमी होतात. खांब वाळवीने खाल्ले हे अझांदेंना पक्कं ठाऊक असतं. त्यांचा प्रश्न असतो, नेमकी हीच माणसं खाली बसलेली असताना ते का पडलं? वर्गात हे शिकवताना मला सातपुड्यातला सिकलसेल आठवायचा. रक्ताचा आजार आहे, एवढं डॉक्टर सांगतो. माझंच मूल का, याला तो काही सांगत नाही, बडवा सांगतो. बडव्याचं उत्तर भयंकर आहे. पण आईबापांचा प्रश्न खरा आहे, आणि तो ऐकून घेणारा दुसरा कुणी पाड्यावर नसतो.

20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी उमेदीची वर्षं घातली, त्याचा अध्यादेश काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार रुपये दंड. हा कायदा हवाच होता. माझी तक्रार आहे ती नंतरच्या सुस्तीची. कायदा झाला, आता अभ्यास कशाला, असं आमच्याच मित्रांनी ऐकवलं. मेवाडात डाकण प्रथेवर 1853 मध्ये बंदी आली होती. तो मेवाड आज ज्या राजस्थानात आहे, त्या राज्याला 2015 मध्ये पुन्हा नवा कायदा करावा लागला. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत ही प्रथा कशावर तगली, हा विद्यापीठाचा विषय नाही तर कुणाचा?

आता ही पोकळी भरली जात आहे, पण भलत्याच गोष्टींनी. 2021 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने ज्योतिषाचं एम.ए. सुरू केलं. इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठात 2024 पासून जादूच्या इतिहासावर एम.ए. आहे, तिथे जादू करायला नाही, तिचा इतिहास तपासायला शिकवतात. आपल्याकडे ज्योतिषाला पदवी मिळते आणि डाकीण ठरवलेल्या बाईचा अभ्यास करणारा पेपर बंद होतो. तोही विवेकाच्या नावाने. याचा मला मनापासून राग आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग खुनाच्या कारणांमध्ये जादूटोण्याचा रकाना आजही ठेवतो. निदान ज्यांच्या हद्दीत नंदुरबार आणि गडचिरोली येतात, त्या जळगाव आणि गोंडवाना विद्यापीठांनी एक काम हाती घ्यावं. 2013 च्या कायद्याखाली आपल्या भागात नोंदलेली प्रत्येक फिर्याद आणि प्रत्येक निकाल जमवावा. त्या त्या बाईचा सातबारा, घरातला आजार आणि जवळच्या दवाखान्याचं अंतर त्यासोबत नोंदवावं. भिली, पावरी, गोंडी बोलणारे विद्यार्थी त्यांच्याच वर्गांत बसतात. या कामावर आधी त्यांना घ्यावं.