शंभर पौंड घ्या, पण चित्र आवरा!

टीकाकाराचे तोंड बंद करण्याचे दोन राजमार्ग असतात : तुरुंग आणि थैली. जॉर्जकालीन इंग्लंडमधील सत्ताधीशांना व्यंगचित्रकारांच्या बाबतीत दुसरा अधिक भावला.

ही चित्रे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरली जात आणि छापून झाल्यावर हाताने रंगवली जात. विकत घेण्याची ऐपत मोजक्यांचीच. परंतु दुकानाच्या काचेत टांगलेली चित्रे फुकट पाहता येत. त्यामुळे चित्राचा नायक लंडनभर हास्यास्पद होण्यास वेळ लागत नसे.

ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार सरकारनियुक्त आयुक्तांकडे सोपवणारे विधेयक चार्ल्स जेम्स फॉक्स यांनी १७८३ मध्ये आणले. जेम्स सेयर्सने त्यांना मोगली थाटात हत्तीवर बसवून कंपनीच्या दारी मिरवत आणले. हत्तीला चेहरा होता त्यांचे सहकारी लॉर्ड नॉर्थ यांचा! त्याच डिसेंबरात विधेयक उमरावांच्या सभागृहात कोसळले, पाठोपाठ सरकारही गेले. ते काही केवळ चित्राने पडले नाही. राजाचाही त्यात हात होता. मात्र नवे पंतप्रधान धाकटे पिट यांनी पुढे सेयर्सला सरकारी पद बहाल केले, हेही खरे.

या कलेचा खरा सम्राट जेम्स गिलरे. १७९२ मध्ये त्याने युवराज जॉर्जचे भोजनोत्तर चित्र काढले. युवराज खुर्चीत रेललेले, पोट बंडीत मावेनासे झालेले, दात कोरण्यासाठी हाती चक्क जेवणाचा काटा. मेजाखाली रित्या बाटल्या आणि मागे तुडुंब भरलेल्या मूत्रपात्राखाली दाबून ठेवलेली देणेकऱ्यांची बिले! त्याच महिन्यात जोडचित्र आले. त्यात तीर्थरूप तिसरे जॉर्ज उकडलेले अंडे खात आहेत, राणीसाहेब पाला चघळत आहेत आणि राजाच्या विजारीला ठिगळ आहे. बाप चिक्कू, लेक उधळ्या. गिलरेने दोघांना एकाच मापाने मोजले.

१७९६ मध्ये युवराजाच्या नवजात कन्येवरील चित्रामुळे गिलरेला अटक झाली. प्रकरण मिटले, आणि पुढील वर्षापासून त्याला पिट सरकारकडून वर्षाला २०० पौंड मिळू लागले. त्याची लेखणी मग फॉक्स आणि फ्रान्सवर अधिक तुटून पडली. नेपोलियन हा बुटका, आदळआपट करणारा इसम होता, ही समजूत रुजवण्यात गिलरेचा वाटा मोठा. प्रत्यक्षात सुमारे १६८ सेंटिमीटर उंचीचा नेपोलियन तत्कालीन फ्रेंच माणसांत मुळीच ठेंगणा नव्हता.

गिलरेला अखेरीस वेडाने ग्रासले. १८१५ मध्ये, वॉटर्लूच्या काही दिवस आधी, तो वारला. युवराज १८२० मध्ये चौथे जॉर्ज म्हणून राजे झाले आणि जॉर्ज क्रुकशँक या तरुण चित्रकाराला १०० पौंड देण्यात आले. अट एकच : महाराजांना कोणत्याही अनैतिक प्रसंगात दाखवायचे नाही. त्याच वर्षी राणी कॅरोलाइनची बाजू घेणारी पुस्तिका निघाली. तिच्यात महाराज मद्यधुंद अवस्थेत झळकले. चित्रकार अर्थातच क्रुकशँक!

विशेष म्हणजे स्वतःची टर उडवणारी चित्रे हे महाशय आवडीने विकतही घेत. राजघराण्याच्या संग्रहातील सुमारे दहा हजार व्यंगचित्रे १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने खरेदी केली. तिसऱ्या जॉर्जच्या हातून निसटलेल्या अमेरिकेत ती आजही जपून ठेवलेली आहेत.