टंचाई आणि पूर, दार एकच

पहाटे तीन-चारच्या सुमाराला शिंदखेडा गाढ झोपेत असते. सुरत-भुसावळ मार्गावरून एखादी मालगाडी धडधडत जाते, रात्रपाळीची वीज आली म्हणून कुणी शेतकरी मोटार चालू करायला मळ्यात गेलेला असतो, एवढीच काय ती जाग. पण झोपलेल्या प्रत्येकाच्या शरीरात येणाऱ्या दिवसाची तयारी आधीच सुरू झालेली असते. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाची एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. डॉक्टर तिला अॅड्रिनल म्हणतात. या वेळेला ती रक्तात कॉर्टिसॉल सोडण्याचा वेग वाढवते. सकाळी आठच्या आसपास कॉर्टिसॉल सर्वांत जास्त असते, मग दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्री तळ गाठते.

दिवसाकाठी सगळे मिळून 10 ते 20 मिलिग्रॅम. एवढ्याशा ऐवजावर रक्तातली साखर, रक्तदाब, सूज आवरण्याची ताकद आणि ताप-अपघातात तग धरण्याची क्षमता अवलंबून असते. ते आटले तर काय होते, हे लंडनच्या थॉमस अॅडिसन यांनी 1855 साली लिहून ठेवले. माणूस खंगतो, रक्तदाब कोसळतो, कातडी काळवंडते. ते ओसंडले तर काय होते, हे अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी 1912 साली एका तरुणीच्या आजारातून मांडले. चेहरा गोल सुजतो, पोट सुटते, हातपाय मात्र काटकुळे होतात, कातडीवर जांभळट रेघा उमटतात, हाडे ठिसूळ होतात.

एक आजार टंचाईचा, दुसरा पुराचा. दोघांवर एकच गोळी चालेल असे कुणी म्हटले, तर तो वैद्य नव्हे, भोंदू आहे असेच आपण समजू. तरीही गेल्या काही वर्षांत औषधशास्त्रज्ञ नेमके हेच करायला निघाले आहेत. जन्मापासून कॉर्टिसॉल पुरेसे न बनणारे मूल आणि कॉर्टिसॉलच्या पुरात बुडालेला प्रौढ, या दोघांसाठी शरीरातला एकच रेणू रोखायचा. तो रेणू म्हणजे अधिवृक्क पेशीच्या अंगावर बसलेला एक ग्राही. त्याचे नाव एमसी-टू-आर.

आधी हुकूम कसा चालतो ते पाहू. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएफ नावाचे संप्रेरक निघते. त्याच्या खाली लोंबणाऱ्या पिच्युटरी ग्रंथीला ते सांगते की आता एसीटीएच सोड. एसीटीएच रक्तातून मूत्रपिंडांपर्यंत येते, एमसी-टू-आरला चिकटते आणि पेशीच्या आत धावपळ उडते. कोलेस्टेरॉल आत ओढले जाते, एकेक विकर त्यावर हात चालवते आणि शेवटी कॉर्टिसॉल तयार होते. पुरेसे झाले की हेच कॉर्टिसॉल रक्तातून उलटे वर जाऊन हायपोथॅलॅमसला आणि पिच्युटरीला गप्प बसवते.

धुळे जिल्ह्यातल्या माणसाला ही रचना समजवायला फार लांब जावे लागत नाही. पांझरेवरची फड पद्धत आठवावी. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या आणि कुणाला किती पाणी सोडायचे ते पाहणारा पाटकरी. शतकानुशतके गावकऱ्यांनी आपल्या बळावर चालवलेली ही व्यवस्था. आता असे समजा की टोकाच्या शेताकडे जाणारी चारी मध्येच ढासळली आहे. त्या शेतात पाणी पोचत नाही, म्हणून निरोप येतो, ‘पाणी नाही.’ पाटकरी दार आणखी उचलतो. तरी पाणी नाही. तो आणखी उचलतो. पाणी तर सुटलेच आहे. मग ते ढासळलेल्या जागी तुंबून शेजारच्या चारीत शिरते आणि ज्याने मागितलेही नव्हते त्याचे शेत बुडवते. एका शेतात दुष्काळ, शेजारी दलदल, आणि बिचारा पाटकरी इमानाने दार उचलतोच आहे.

जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी या आजारात हुबेहूब असेच घडते. डॉक्टरांच्या बोलण्यात याला सीएएच म्हणतात. दहातल्या नऊहून अधिक रुग्णांत 21-हायड्रॉक्सिलेज हे विकर बिघडलेले असते, म्हणजे कॉर्टिसॉलकडे जाणारी चारी ढासळलेली असते. एसीटीएच वाढत जाते, ग्रंथी फुगते आणि तुंबलेला कच्चा माल पुरुषी संप्रेरकांच्या वाटेला लागतो. मुलगी जन्मली तर बाह्य जननेंद्रियांच्या ठेवणीवरून संशय येऊ शकतो. मुलगा असेल तर तो अगदी नीट दिसतो आणि धोका तिथेच असतो. तीव्र प्रकारात मीठ धरून ठेवणारे अल्डोस्टेरॉनही बनत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ उलट्या करू लागते, सुकत जाते आणि घरच्यांना वाटते, पोट बिघडले असेल.

बाल्टिमोरच्या लॉसन विल्किन्स यांनी 1950 साली अशा मुलांना कॉर्टिसोन देऊन दाखवले आणि एका जीवघेण्या आजाराला उपाय मिळाला. आजही मूल जगते ते हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळीवर. पण त्यात एक पेच दडलेला आहे. शरीराला जेवढे कॉर्टिसॉल लागते तेवढेच दिले तर जीव वाचतो, पण एसीटीएच काही पुरते खाली येत नाही. टँकरने टोकाच्या शेताची तहान भागते, तरी पाटकऱ्याने दार उतरवावे यासाठी शेत तुडुंब भरावे लागते. म्हणून वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त स्टेरॉइड द्यावे लागते आणि मग वजन वाढते, उंची खुंटते, हाडे झिजतात. कमी द्यावे तर पुरुषी संप्रेरके उसळतात, वाढीचे वय लवकर संपते, पुढे मूल होण्यात अडचणी येतात. सत्तर वर्षे डॉक्टर या दोन कड्यांमधून रुग्णाला चालवत आले.

मग सरळ विचार असा की पाटकऱ्याची समजूत घालत बसण्यापेक्षा दारच धरून ठेवावे. पण ते दार फक्त याच पाटावर असले पाहिजे, नाहीतर भलतीकडचे पाणी तुटेल. एमसी-टू-आरचे नवल इथून सुरू होते.

रॉजर कोन यांच्या गटाने 1992 मध्ये या ग्राहीचा जनुक वेगळा केला. याच्या कुळात पाच भावंडे. एक कातडीच्या रंगाशी निगडित, एक मेंदूत बसून भुकेवर लक्ष ठेवणारे. बाकीच्या चौघांना अल्फा-एमएसएच हे छोटे संप्रेरक चालते. एमसी-टू-आर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला हवे फक्त एसीटीएच. एसीटीएच 39 अमिनो आम्लांचे असते. त्यातला एक तुकडा, सहाव्यापासून नवव्या अमिनो आम्लापर्यंतचा, पाचही भावंडांना ओळखू येतो. एमसी-टू-आर मात्र पुढचा, पंधराव्यापासून अठराव्यापर्यंतचा तुकडाही तपासल्याशिवाय जागचा हलत नाही. एसीटीएच कातडीतल्या ग्राहीलाही चिकटते, म्हणून ते बेसुमार वाढले की माणूस काळवंडतो. अॅडिसन यांनी टिपलेल्या काळ्या कातडीचा उलगडा इथे होतो.

दुसरे नवल याहून मोठे. एमसी-टू-आर एकटा कामाचाच नाही. पेशीच्या आत तो तयार होतो आणि तिथेच अडकून पडतो. त्याला बाहेरच्या पडद्यापर्यंत न्यायला आणि एसीटीएच ओळखू द्यायला एमआरएपी नावाचे एक छोटे प्रथिन सोबत लागते. लंडनच्या शास्त्रज्ञांनी ते 2005 मध्ये ओळखले. पुढे कळले की हे सोबती जोडीने राहतात आणि तेही परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून: एकाचे टोक पेशीच्या बाहेर, दुसऱ्याचे तेच टोक आत. प्रथिनांच्या दुनियेत अशी उलटसुलट जोडी फार क्वचित सापडते.

आणि हे दार बंद राहिले तर काय होईल, याचा प्रयोग निसर्गाने आधीच करून ठेवला होता. काही घराण्यांत एमसी-टू-आर किंवा एमआरएपी जन्मतः बिघडलेला असतो. त्या मुलांमध्ये कॉर्टिसॉल बनत नाही. साखर उतरते, साधे आजारपणही जिवावर बेतते. पण शरीरातले मीठ सहसा सांभाळले जाते, कारण अल्डोस्टेरॉनला हुकूम देणारा मुख्य रस्ता मूत्रपिंडांकडून येतो, पिच्युटरीकडून नव्हे. बाहेरून हायड्रोकॉर्टिसोन दिले की ही मुले वाढतात, जगतात. औषधशास्त्रज्ञाला याहून स्वच्छ इशारा कोणता हवा? दार बंद केले तर काय तुटेल आणि काय शाबूत राहील, हे औषध बनण्यापूर्वीच लिहून ठेवलेले होते.

त्या दारात बसेल असा, तोंडाने घेता येईल असा छोटा रेणू घडवणे मात्र सोपे नव्हते. एसीटीएच लांबलचक, ग्राहीला अनेक ठिकाणी चिकटणारे. सॅन दिएगोच्या क्रिनेटिक्स कंपनीने घडवलेला अॅट्युमेलनंट हा या वाटेवर सर्वांत पुढे गेलेला रेणू. सीएएच असलेल्या प्रौढांवरच्या 12 आठवड्यांच्या चाचणीत अँड्रोस्टेनेडायोन हे तुंबाऱ्यातून वाढणारे संप्रेरक काही गटांत सरासरी 80 टक्क्यांपर्यंत खाली आले. औषध अजून बाजारात नाही. मोठ्या चाचण्यांची परीक्षा त्याला द्यायची आहे.

एक पायरी वरचा ग्राही रोखणारे औषध मात्र आधीच पोचले आहे. सीआरएफ शोधायला वायली वेल आणि सहकाऱ्यांना मेंढ्यांच्या सुमारे 4 लाख 90 हजार मेंदूंमधले हायपोथॅलॅमस गोळा करावे लागले होते. 1981 मध्ये त्यांनी त्याची 41 अमिनो आम्लांची रचना जाहीर केली. ताणाच्या हुकुमाचा हा उगम अडवला तर नैराश्य जाईल, अशा आशेने अनेक कंपन्यांनी त्याचा ग्राही रोखणारे रेणू बनवले. नैराश्यावर ते निष्प्रभ ठरले. त्यातलाच एक, क्रिनेसरफाँट, पुढे सीएएचसाठी तपासला गेला. 182 प्रौढांच्या चाचणीत 24 आठवड्यांनंतर स्टेरॉइडची मात्रा औषध घेणाऱ्यांत 27.3 टक्क्यांनी कमी करता आली, तर नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 10.3 टक्क्यांनी. अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर 2024 मध्ये चार वर्षांवरील रुग्णांसाठी त्याला मान्यता दिली. इथेही हायड्रोकॉर्टिसोन सुटत नाही. ते फक्त गरजेपुरते उरते.

आता पुराकडे वळू. कुशिंगच्या आजारात पिच्युटरीवर छोटी गाठ येते आणि ती वरच्या हुकुमाची फारशी पर्वा न करता एसीटीएच ओतत राहते. पाटकरीच बेभान झालेला. मुंबईच्या केईएमसारख्या रुग्णालयांत अशी गाठ नाकावाटे शस्त्रक्रिया करून काढतात आणि पहिला उपाय आजही तोच आहे. पण गाठ कधी सापडत नाही, कधी परत येते. अशा वेळी एमसी-टू-आर रोखला तर एसीटीएच कितीही ओरडले तरी अधिवृक्क पेशीला ऐकू जाणार नाही. सुरुवातीच्या छोट्या चाचणीत अॅट्युमेलनंटने अशा रुग्णांचे कॉर्टिसॉल झपाट्याने उतरवल्याचे दिसले. यापूर्वी दुसऱ्या टोकाचा ग्राही, म्हणजे शरीरभरच्या पेशींवर कॉर्टिसॉल जिथे काम करते तो, रोखूनही उपचार झाला आहे. गर्भपातासाठी ओळखले जाणारे मिफेप्रिस्टोन अमेरिकेत 2012 पासून कुशिंगच्या रुग्णांतील वाढलेल्या साखरेसाठी मान्य आहे.

टंचाई आणि पूर यांचे गूढ इथे उकलते. कॉर्टिसॉल कमी की जास्त हा शेवटचा हिशेब. दोन्ही आजारांत मधल्या दारावर एसीटीएचचा रेटा मात्र सारखाच बेसुमार असतो. औषध त्या रेट्यावर चालते. म्हणूनच त्याची मर्यादाही तिथेच ठरते. गाठ अधिवृक्क ग्रंथीतच असेल तर ती हुकुमाशिवाय कॉर्टिसॉल बनवते, तिथे दार बंद करून उपयोग नाही.

आणि आपल्याकडे गावोगाव दिसणारा कुशिंग तर बहुतेक वेळा बाहेरून आलेला असतो. सांधेदुखीची, दम्याची ‘जादूची’ पुडी किंवा इंजेक्शन, ज्यात न सांगता स्टेरॉइड मिसळलेले असते. चेहरा गोल होतो, रक्तदाब चढतो, पण एसीटीएच उलट झोपी गेलेले असते आणि स्वतःची ग्रंथी सुकत असते. अशी पुडी भीतीपोटी एकदम बंद करणे हेही जिवावर बेतू शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी लागते.

या सगळ्या नवलाचा उपयोग बाळाचा आजार वेळेत कळला तरच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बाळांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन पाहिले, तेव्हा 5762 बाळांमागे एकाला सीएएच आढळले. ज्या जिल्ह्यात वर्षाला 30 हजार बाळे जन्मतात, तिथे या हिशेबाने दरवर्षी पाच. पहिल्या आठवड्यात तो थेंब तपासला, तर साध्या हायड्रोकॉर्टिसोनने आणि मीठ सांभाळणाऱ्या गोळीने बाळ वाचते. तापात मात्रा वाढवायची हे आईवडिलांना शिकवले, तर ते पुढेही सुरक्षित राहते. मग शाळेच्या वयात ते मूल ठेंगणे राहू नये, सुजू नये, यासाठी नवी औषधे कामाला येतील. दार धरून ठेवणारी गोळी शिंदखेड्यापर्यंत यायला काही वर्षे लागतील. टाचेतला थेंब तपासायची विद्या मात्र आजच हाताशी आहे, आणि आधी गावात पोचायला हवी ती हीच.