सर्व्हर बंद, गेम संपली?

३० ऑक्टोबर २०२० आठवतंय? सरकारी बंदीनंतर पब्जी मोबाईलचे सर्व्हर भारतासाठी त्या दिवशी बंद झाले. ॲप आपल्या फोनमध्येच होतं, पण मॅच चालायची कंपनीच्या सर्व्हरवर. यूसी घालून घेतलेल्या स्किन आमच्या शिरोळातल्या पोरांनी बघायच्या तरी कुठं? पुढं २०२१ मध्ये बीजीएमआय आली, जुना डेटा हलवता आला. ती मेहेरबानी, हक्क नव्हे.

युबिसॉफ्टच्या 'द क्रू'चं तर ३१ मार्च २०२४ ला सगळंच संपलं, एकट्यानं खेळायचा भागसुद्धा. म्हणून रॉस स्कॉटनं 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम काढली. सर्व्हर कायम चालवा असं तो म्हणत नाही. बंद करताना गेम खेळता येईल अशी सोडा, एवढंच. कोड लिहिणारा म्हणून सांगतो, सुरुवातीलाच ठरवलं तर बहुतेक वेळा हे जमतं. शेवटच्या आठवड्यात मात्र जड जातं.