विश्लेषण : अंधेरीच्या मैदानावर ड्रोन का उडवता येत नाही?

उपनगरांतील टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धाही आता यूट्यूबवर थेट दिसतात. नाणेफेकीपूर्वी मैदानावरून फिरणारा ड्रोनचा एक शॉट हवाच, असा आयोजकांचा आग्रह असतो. मैदान भाड्याने घेतले, पैसे भरले, म्हणजे वरचे आकाशही आपलेच, असा समज त्यामागे असतो. अंधेरी किंवा घाटकोपरमध्ये हा समज थेट पोलीस ठाण्यात नेऊ शकतो.

स्टेडियमसाठी वेगळा नियम आहे का?

अमेरिकेत आहे. सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर तेथे मोठ्या सामन्यांवरील आकाश बंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली. ३० हजार वा अधिक आसनांच्या स्टेडियममध्ये बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल अशा ठरावीक स्पर्धांचा सामना असेल, तर एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत सुमारे साडेपाच किलोमीटरच्या परिघात ३ हजार फुटांपर्यंत उड्डाणाला मनाई असते. हवाई नियंत्रण कक्षाच्या परवानगीने ये-जा करणारी विमाने त्यातून वगळलेली आहेत.

भारतात स्टेडियमभोवती असे आपोआप लागू होणारे वर्तुळ नाही. गरजेप्रमाणे तात्पुरते निर्बंध घातले जातात आणि वैमानिकांना ‘नोटॅम’ या सूचनेद्वारे कळवले जातात. २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यापूर्वी अहमदाबादच्या स्टेडियमवर हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ पथकाच्या कसरती झाल्या, तेव्हा तेथील हवाई क्षेत्र काही वेळ बंद होते.

मग अंधेरीत अडचण कसली?

अडचण मैदानाची नाही, विमानतळाची आहे. अंधेरी पश्चिमेचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल मुंबई विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरच्या आत आहे. जुहूचा धावपट्टा तर आणखी जवळ; समुद्रातील तेलफलाटांकडे जाणारी हेलिकॉप्टर तेथूनच सुटतात. अमेरिकेचे वर्तुळ या संकुलाभोवती आखले, तर दोन्ही विमानतळ त्यात येतील. (तसेही या संकुलाची आसनक्षमता दहा हजारांच्या आतली, म्हणजे अमेरिकी नियम येथे लागूच झाला नसता.)

घाटकोपरचे उदाहरण अधिक बोलके आहे. पूर्वेकडून मुख्य धावपट्टीवर उतरणारी विमाने याच भागावरून येतात. तीन अंशांच्या नेहमीच्या उताराने येणारे विमान धावपट्टीपासून तीन किलोमीटरवर जेमतेम ५००-६०० फूट उंचीवर असते. मोकळ्या क्षेत्रात ड्रोनला ४०० फुटांची मर्यादा आहे. तीच मुभा येथे दिली, तर ड्रोन आणि प्रवासी विमान यांच्यात शे-दोनशे फुटांचेच अंतर उरेल. दाट वस्तीवर विमान कोसळणे म्हणजे काय, हे घाटकोपरने पाहिले आहे. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणी उड्डाणावर निघालेले छोटे विमान येथील बांधकामाच्या जागेत कोसळले आणि पाच जणांचा मृत्यू झाला. त्यात एक पादचारी होता. त्या अपघाताचा ड्रोनशी संबंध नव्हता, पण धोका कोणाच्या डोक्यावर असतो, हे त्यातून दिसले.

नकाशा काय सांगतो?

ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे असे भाग आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरपर्यंत लाल. तेथे केंद्र सरकारची परवानगी लागते. पुढे आठ किलोमीटरपर्यंत पिवळा. तेथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. आठ ते बारा किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत हिरवा. बोरिवली, मुलुंडला त्यामुळे थोडी मोकळीक वाटते, पण संरक्षण खात्याच्या जागा वगैरे वेगळ्या असतात. अंतराचा अंदाज न बांधता ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरील नकाशा पाहावा.

‘माझा ड्रोन २५० ग्रॅमचाच आहे’ ही सबब फार चालते. इतक्या हलक्या ड्रोनला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही, हे खरे. लाल-पिवळ्या भागातली परवानगी मात्र त्यालाही चुकत नाही. दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेने उडवला तर प्रमाणपत्राची सूट आहे, आयोजकाकडून पैसे घेतले की ती संपते.

पोलिसांची भूमिका काय?

मुंबईत ती निर्णायक आहे. पोलीस उपायुक्त (अभियान) वेळोवेळी, बहुधा महिनाभरासाठी, मनाई आदेश काढतात. ड्रोन, पॅराग्लायडर, रिमोटवर चालणारी मायक्रोलाइट विमाने, हॉट एअर बलून हे सारे त्यात येते. पूर्वी हे आदेश कलम १४४ खाली निघत, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. असा आदेश लागू असेल तर नकाशावरचा हिरवा रंगही कामाचा नाही. शिवाय पोलीस अधीक्षक वा समकक्ष दर्जाचा अधिकारी एखाद्या भागाला एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरते लाल क्षेत्र घोषित करू शकतो. स्टेडियमवरील बंदीचा आपल्याकडचा सर्वात जवळचा प्रकार हाच.

गर्दीच्या सामन्यात ड्रोन काय करू शकतो, हे १४ ऑक्टोबर २०१४ रोजी बेलग्रेडमध्ये दिसले. सर्बिया-अल्बानिया फुटबॉल सामना सुरू असताना एक झेंडा लटकवलेला ड्रोन मैदानावर आला, खेळाडू एकमेकांना भिडले, प्रेक्षक आत घुसले आणि सामना सोडून द्यावा लागला.

स्पर्धेच्या आयोजकांनी म्हणूनच दोन गोष्टी सामन्याच्या दिवशीच तपासाव्यात : पोलिसांचा चालू आदेश आणि त्या दिवसाचा नकाशा. आठवड्यापूर्वी काढलेला स्क्रीनशॉट उपयोगाचा नाही. तात्पुरते लाल क्षेत्र त्यात दिसणार नाही.