अंगकोरचे शिल्प, तोन्ले सापचे पाणी

अंगकोर वाटच्या पूर्वेकडील ओवरीत आमचा बारा जणांचा मेळा समुद्रमंथनाच्या भित्तिशिल्पासमोर थांबला. सुमारे ४९ मीटर लांबीच्या त्या पटावर देव आणि दानव वासुकीला ओढीत आहेत. आमच्यातील एक वृद्ध गृहस्थ अभिमानाने उद्गारले, “म्हणजे हे सारे आपलेच!” क्षणभर मलाही तसेच वाटले.

दुसऱ्या दिवशी तोन्ले साप सरोवर पाहिले. पावसाळ्यात मेकाँगला पूर आला, की या सरोवरातून निघणारी नदी उलटी वाहू लागते. सरोवर कित्येक पटींनी फुगते. पाणी ओसरले, की मागे गाळ आणि विपुल मासळी उरते. याच पाण्याच्या आधारावर जगणाऱ्या ख्मेर लोकांनी बाराव्या शतकात, दुसऱ्या सूर्यवर्मनच्या काळी, ते विष्णुमंदिर उभारले. कथा भारतातून गेली खरी. पण हात आणि प्रतिभा त्यांची. पुढे तेथे बुद्धाची उपासना सुरू झाली, ती आजही चालू आहे. १९८६ ते १९९३ या काळात आपल्या पुरातत्त्व खात्याने मंदिराची डागडुजी केली. तो शेजारधर्म होता, मालकीहक्क नव्हे.

निघण्यापूर्वी तेच गृहस्थ पुन्हा शिल्पापाशी गेले आणि वाटाड्याला म्हणाले, “ही कथा तुमच्याकडे कशी सांगतात?”