डाग एकीकडे, गळती दुसरीकडे

पिंपरी-चिंचवडमध्ये गाडीखाली डाग दिसला की निदान करायला माणसं कमी पडत नाहीत. सोसायटीत कुणी असेंब्ली लाइनवर असतो, कुणी भोसरीत रबरी सील बनवतो, कुणाचा मेहुणा चाकणला पेंट शॉपमध्ये. तिघं तीन कारणं सांगतात आणि तिघांचाही सूर ठाम असतो. हीच माणसं कामावर असताना नुसत्या नजरेवर विसंबत नाहीत. इंजिनचा ब्लॉक, हेड, वॉटर पंप यांची तोंडं बंद करून आत हवा भरली जाते आणि ठरलेल्या वेळात दाब किती उतरला ते यंत्र मोजतं. पार्किंगमध्ये मात्र रंग बघून निकाल लागतो.

आणि घोळ तिथेच होतो. ‘हिरवं म्हणजे कूलंट, लाल म्हणजे गिअरचं ऑइल’ हे सूत्र अर्धवट खरं आहे. कूलंट मुळात रंगहीन असतं. ओळखू यावं म्हणून कंपन्या त्यात रंग मिसळतात. कुणी हिरवा, कुणी गुलाबी, कुणी निळा, कुणी लाल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेलही बहुधा लालच. तेव्हा रंगापेक्षा बोट आणि नाक जास्त कामाचं. कूलंट पाण्यासारखं पातळ असतं, वाळताना चिकट होतं आणि त्याला गोडसर वास येतो. तेल वाळत नाही, बोटावर बुळबुळीत राहतं. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या तेलाला गंधकासारखा उग्र दर्प असतो. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटू शकतात, म्हणून तो डाग लगेच धुऊन टाकावा.

रंग, वास या सगळ्यांपेक्षा खात्रीचा साक्षीदार म्हणजे पातळी. इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीवरची खूण आणि ऑइलची डिपस्टिक बघा, आठवड्याने परत बघा. जे उतरलं, तेच बहुधा गळतंय. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका. आत दाब असल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते अंगावर उसळतं.

‘जिथे डाग, त्याच्या बरोबर वर गळती’ हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक झालं की तेल ब्लॉकवरून ओघळत चेंबरपर्यंत येतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. शेवटी ते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर जमतं. घाईतला मेकॅनिक ते बघून म्हणतो, मागचं ऑइल सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. कुठे एका पॅकिंगचं काम आणि कुठे गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी! शिवाय आजच्या बऱ्याच गाड्यांच्या इंजिनखाली प्लॅस्टिकचं आवरण असतं. तेल त्यात साचतं आणि भलत्याच कोपऱ्यातून ठिबकतं. सर्व्हिसिंगमध्ये फिल्टर बदलताना सांडलेलं तेलही त्याच आवरणातून पुढे काही दिवस थेंब-थेंब पडत राहतं, आणि मालक उगाच धास्तावतो.

म्हणून इंजिन खालून स्वच्छ करून घ्यावं, थोडी गाडी चालवावी आणि वरून खाली बघत यावं. सगळ्यांत वरची ओली जागा हे उगमस्थान. तरी सापडत नसेल तर तेलात खास रंगद्रव्य घालून अतिनील दिव्याखाली पाहता येतं. घरी रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवा (आपल्या पट्ट्यात पॅकिंगच्या पुठ्ठ्याला काय तोटा!) आणि चारही चाकांच्या जागा पेनाने खुणवा. सकाळी तो पुठ्ठाच मेकॅनिकला दाखवा.

आता पाण्याबद्दल. चाकणच्या तळेगाव चौकात एसी लावून अडकलेल्या गाडीखाली पाण्याची धार दिसली तर घाबरायचं कारण नाही. हवेतला बाष्पांश थंड होऊन नळीवाटे बाहेर पडतो. उलट दमट दिवसांत एसी चालू असून बाहेर थेंब नाही आणि डावीकडच्या सीटपुढचं कार्पेट ओलं, तर ती नळी तुंबली आहे. सकाळी सायलेन्सरमधून टपकणारं पाणीही बहुतेक वेळा निर्दोष असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तितकंच पाणी तयार होतं. एक किलो सीएनजी जळलं तर दोन किलोंहून जास्त. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर मात्र हेड गॅसकेटची शंका घ्यावी.

रेडिएटरमध्ये हळद टाकली की गळती बंद होते, असं ट्रकवाले सांगतात. बारीक भोक तात्पुरतं बुजतंही. पण तीच हळद रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत बसते आणि मग इंजिन तापतं. डिझेलच्या टाकीला साबण चोळणं हाही गॅरेज गाठेपर्यंतचाच उपाय. पेट्रोलचा वास आला तर तोही नको. गाडी सुरूच करू नये.

‘इलेक्ट्रिक गाडीत गळायला आहेच काय?’ असंही हल्ली ऐकू येतं. महिंद्राच्या चाकणमध्ये बनणाऱ्या इलेक्ट्रिक एसयूव्हींत इंजिन ऑइल नाही, हे खरं. पण बॅटरी थंड ठेवणारं कूलंट आहे, रिडक्शन गिअरचं तेल आहे आणि ब्रेक ऑइल तर आहेच.

ब्रेक ऑइलचं शेवटी सांगतो, कारण तिथे चूक परवडत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर, बुळबुळीत ओल दिसली, त्या थेंबाने रंग उडाला किंवा पेडल खोल जाऊ लागलं, तर तो डाग याच प्रकारातला समजा. डबीतली पातळी हळूहळू उतरणं पॅड झिजल्यामुळेही असू शकतं. झपाट्याने उतरली तर गळतीच. वरून भरून गाडी काढणं धोक्याचं, आणि त्यात इंजिन ऑइल ओतणं तर आत्मघातकी, कारण खनिज तेलाने ब्रेकची रबरी सीलं फुगून निकामी होतात. अशी गाडी ‘हळू चालवत’ गॅरेजला नेऊ नका. टो करून न्या.