पीडीएफ हलकी करताना नेमकं काय घटतं?

ऑनलाइन अर्ज भरताना अनेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. गुणपत्रिकेची पीडीएफ तीन एमबीची असते आणि पोर्टलला पाचशे केबीपेक्षा मोठी फाइल चालत नाही. मग मिळेल त्या साइटवर ती कॉम्प्रेस होते, अपलोडही होते. पण छाननी करणाऱ्याला शिक्का आणि बैठक क्रमांक वाचताच येत नाही. हे टाळता येतं. त्यासाठी पीडीएफमधलं वजन कशाचं असतं ते कळायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याबद्दलच आहेत.

पानं जास्त म्हणून फाइल मोठी, असं सर्रास मानलं जातं. वस्तुस्थिती वेगळी आहे. टाइप केलेल्या मजकुरात पीडीएफ प्रत्येक अक्षराचा सांकेतिक क्रमांक आणि जागा एवढंच नोंदवते. अक्षरांचे आकार फॉन्टमध्ये एकदाच साठवलेले असतात. म्हणून दोनशे-तीनशे पानांची कादंबरी एक-दोन एमबीत मावू शकते. स्कॅन केलेलं पान मात्र फोटो असतं. ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके घेऊन, स्कॅन केलं, तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत ठिपक्याला तीन बाइट धरले, तर कच्चा हिशेब २६ एमबीवर जातो, आणि तोही एकाच पानाचा. जेपीईजी पद्धत तो बराच खाली आणते, तरी अशी चार-पाच पानं झाली की पोर्टलची मर्यादा ओलांडली जाते.

झिप केल्याने यात फरक पडत नाही. झिपमधली डिफ्लेट पद्धत पीडीएफच्या आत १९९६च्या १.२ आवृत्तीपासूनच आहे आणि फोटो बहुधा आधीच जेपीईजीत असतात. आवळलेलं पुन्हा आवळून हाती फारसं लागत नाही.

मग घट होते कुठे? घोस्टस्क्रिप्ट हे १९८८पासूनचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या तयार सेटिंगपैकी ‘स्क्रीन’ चित्रं ७२ डीपीआयवर आणतं, ‘ईबुक’ १५०वर आणि ‘प्रिंटर’ ३००वर. डीपीआय निम्मा केला की ठिपके निम्मे नाही, पाव होतात: ८७ लाखांचे सुमारे २२ लाख. ‘स्क्रीन’मध्ये तर जेमतेम पाच लाख उरतात. तेवढ्यात जोडाक्षरांच्या गाठी, शिक्क्याची गोल ओळ, सहीची बारीक रेघ टिकत नाही. कागदपत्रांसाठी ‘स्क्रीन’ वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे. ‘ईबुक’च्या खाली जाऊ नका. त्यानेही भागत नसेल, तर स्कॅनच नव्याने घ्या. नुसता काळा मजकूर असलेलं पान रंगीत न घेता कृष्णधवल घेतलं, तर ठिपक्याला चोवीसऐवजी एकच बिट लागतो, आणि फॅक्सच्या काळापासून चालत आलेल्या पद्धतीने आवळून असं पान शंभर केबीच्या आत सहज बसतं. फिका निळा किंवा जांभळा शिक्का असेल तर मात्र हा उपाय नको, तो पुसला जातो.

कॉम्प्रेस केलं की अक्षरं धूसर होणारच, हे केवळ स्कॅनपुरतं खरं आहे. टाइप केलेल्या अक्षरांचे आकार रेषांनी बांधलेले असतात; डीपीआय घटवला तरी त्यांना धक्का लागत नाही. पान ४०० टक्के मोठं करून पाहा. कडा रेखीव राहिल्या तर ती खरी अक्षरं, ठिपके दिसले तर फोटो.

त्याहून घातक समज म्हणजे, दिसायला स्वच्छ आहे म्हणजे बरोबर आहे. २०१३मध्ये जर्मन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांतला दोष उघड केला. बांधकामाच्या एका नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होती. स्कॅनमध्ये तिन्ही ठिकाणी १४.१३ उमटलं. सारख्या दिसणाऱ्या तुकड्यांऐवजी एकच तुकडा साठवून जागा वाचवायची, ही जेबिग-टू पद्धत. तिथे जुळवणी चुकली. अंक अगदी सुबक होते, म्हणून कुणाला शंकाही येत नव्हती. कंपनीने नंतर दुरुस्ती दिली. कॉम्प्रेस केलेल्या फाइलमधले आकडे मूळ कागदाशी ताडून पाहायचे ते यासाठी.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा तर कॉम्प्रेस करूच नये. ती स्वाक्षरी फाइलच्या बाइट्सशी बांधलेली असते. घोस्टस्क्रिप्ट मूळ फाइल वाचून पूर्ण नवी फाइल लिहितं, त्यात स्वाक्षरी उरत नाही. तिचं चित्र पानावर दिसत राहू शकतं, पण पडताळणी होत नाही.

आधार क्रमांकावर काळी पट्टी ओढून मग कॉम्प्रेस केलं की क्रमांक गेला, असंही अनेक जण समजतात. टाइप केलेला मजकूर पट्टीखाली तसाच असतो आणि कॉपी करून बाहेर काढता येतो. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर शेवटचे चारच अंक दाखवणारं ‘मास्क्ड आधार’ मिळतं, ते वापरा. आणि अशी कागदपत्रं अनोळखी साइटवर कॉम्प्रेस करायला टाकू नका. फाइल बहुतेक वेळा त्यांच्या सर्व्हरवर जाते. घोस्टस्क्रिप्ट आपल्याच संगणकावर, इंटरनेट बंद असतानाही चालतं.